शिळ्या आकड्यावर ताजी ऑर्डर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कुडाळला गोदाम, मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याला तीन दुकानं, माल येतो कोल्हापूरहून. दुकानांतली शिल्लक तुम्हाला तीन-चार दिवसांनी कळते, त्यावर तुम्ही ऑर्डर टाकता. मग ऐन गणपतीत तेल नाही आणि गणपती गेल्यावर गोदामात पाय ठेवायला जागा नाही, असं दरवर्षी होतं. शेवटी विचारलंय, कुठलं सॉफ्टवेअर घेतलं तर आकडा वेळेवर येईल.

सॉफ्टवेअरचं नंतर बोलू. मी कणकवलीत बावीस वर्षं किराणा आणि साबण-तेलाच्या एजन्सीत आहे, त्यातली पहिली सहा दुसऱ्याच्या गोदामात खोके मोजण्यात गेली. त्यामुळे आकडा उशिरा का येतो हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. माझ्या मते तुमचं नुकसान आकडा उशिरा आल्यामुळे थोडंच होतं. जास्त होतं ते उशिरा आलेला आकडा आजचा समजून त्यावर हिशेब मांडल्यामुळे.

एक उदाहरण घेऊ. समजा मालवणला गोडेतेलाचे रोज सरासरी ६ बॉक्स जातात. गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर व्हॉट्सअॅपवर आलं: तेल, ३० बॉक्स. तुम्ही म्हणता, पाच दिवसांचं आहे, बघू सोमवारी. पण त्या मुलाने मोजलं होतं सोमवारी सकाळी, दुकान उघडताना. सोमवार ते गुरुवार या चार दिवसांत २४ गेले, म्हणजे त्या तिसातले आज ६ उरले असणार. आता दुसरी बाजू बघा. मंगळवारी तुमच्याच गाडीने तिथे १८ बॉक्स उतरवले, ते त्या तिसात नाहीत. ते धरले की रॅकवर २४. शिवाय मालवणच्या नावाने कोल्हापूरला ऑर्डर लावलेले १२ बॉक्स फोंडा घाटात कुठेतरी आहेत. म्हणजे ऑर्डर ठरवताना धरायचा आकडा ३६. तो ३० नाही, ६ नाही आणि २४ पण नाही.

यात अवघड काहीच नाही, पण तीन गोष्टी लिहिलेल्या असायला लागतात: मोजलं कधी, तेव्हापासून गेलं किती, आणि तेव्हापासून आलेलं नि यायचं असलेलं किती. आमच्याकडे शिलकीच्या आकड्यापुढे तारीख आणि वेळ नसेल तर तो आकडा वहीत चढवायचाच नाही, असा नियम आहे. पहिले दोन महिने सगळे वैतागले होते. मीसुद्धा.

विक्री पुढे ओढताना सरासरी आंधळेपणाने लावू नका. मधल्या दिवसांत आठवडा बाजार येऊन गेला असेल तर तो एक दिवस दोन दिवसांचा धरा. कुठल्या दुकानाला बाजाराचा दिवस किती दिवसांच्या बरोबरीचा पडतो, हे जुन्या बिलांवरून अर्ध्या तासात निघतं.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. शिळा आकडा एकदा वापरला तर फार बिघडत नाही. बिघडतं ते तोच आकडा दोनदा वापरला की. मंगळवारी कळलं की देवगडला साबणाचे १० खोके उरलेत, तुम्ही ४० लावले. शुक्रवारी पुन्हा यादी आली, त्यातही १०, कारण लावलेला माल अजून पोचलाच नाही. हात शिवशिवतो, आणखी ४० लावले जातात. पुढच्या आठवड्यात ८० खोके देवगडला उतरतात आणि तुम्ही त्या पोरावर ओरडता. त्याचं काय चुकलं? त्याने दोन्ही वेळा खरंच सांगितलं होतं. वाटेतला माल तुमच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता.

माझा पुतण्या एमबीए करत होता तेव्हा त्याच्याकडून कळलं की यावर एक खेळच आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकापासून तो खेळवतात. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चौघांची साखळी. माल आणि ऑर्डर दोन्ही पोचायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच वाढते, आठवड्याला चार पेट्यांवरून आठवर, आणि तिथेच थांबते. तेवढ्याने कारखान्याच्या टोकाला बसलेल्याची ऑर्डर आधी आभाळाला भिडते आणि मग शून्यावर येते. पुतण्या हे कौतुकाने सांगत होता. मी त्याला म्हटलं, आम्ही हा खेळ पदरचे पैसे घालून खेळतो बाबा.

खरंच खेळलोय. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि आमचा माल पलीकडे अडकला. त्या वर्षी चतुर्थी होती २ सप्टेंबरला. मला गणपतीसाठी बिस्किटांचे २०० खोके हवे होते आणि ते लावलेलेही होते. पण रोज दुकानांतून एकच निरोप, बिस्किटं संपत आली. चार दिवसांनी मी तीच ऑर्डर पुन्हा लावली, म्हटलं पहिली बहुतेक पडून राहिली. आठव्या दिवशी गोव्याकडच्या एका व्यापाऱ्याकडूनही उचलली. पाणी ओसरलं आणि एका आठवड्यात तिन्ही ऑर्डरींचा माल दारात. साडेपाचशेच्या वर खोके! भाद्रपदातली दमट हवा, गोदामाला एकच खिडकी, खालच्या थराचे खोके फरशीला टेकलेले. पुठ्ठा बोटाने दाबला तर आत जात होता. गणपतीत खपली तेवढी खपली, उरलेल्यातली बरीच सादळली, आणि शेवटचे काही खोके शेजारच्यांच्या गुरांपुढे गेले. गुरांनी मात्र चवीने खाल्ली.

चूक पुराची नव्हती, माझी होती. पहिल्या ऑर्डरीची बिल्टी, म्हणजे माल गाडीत चढल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, माझ्या टेबलावर पडलेली होती. ती बघितली असती तर माल वाटेत आहे हे कळलं असतं. कमी पडणाऱ्या मालाची ओरड दहा वेळा कानावर येते म्हणून तुटवडा दहापट होत नाही.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक मालाला आता तीन रकाने आहेत: शिल्लक तारखेसह, वाटेत, आणि कबूल केलेलं. कबूल म्हणजे एखाद्या लग्नघराला किंवा हॉटेलवाल्याला शब्द दिलाय पण माल उचललेला नाही. ऑर्डर पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा करूनच ठरते. कितीही ओरड झाली तरी.

किती मागवायचं, याचा हिशेब असा. माल यायला लागणारे दिवस, अधिक दोन ऑर्डरींमधलं अंतर, अधिक आकड्याचं वय, याला रोजच्या विक्रीने गुणा आणि वर थोडा राखीव ठेवा. तो झाला वरचा आकडा. हातात आणि वाटेत जे आहे ते, कबूल केलेलं सोडून, त्यातून वजा केलं की ऑर्डर निघाली. मालवणच्या तेलाला माल यायला ४ दिवस, ऑर्डर दर ७ दिवसांनी, आकडा ३ दिवस शिळा. एकूण १४ दिवस, गुणिले ६, म्हणजे ८४ बॉक्स आणि राखीव.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेचजण पडतात. आकड्याचं वय दिवसांत धरलंत तर आलेला आकडा जसाच्या तसा वजा करायचा, मोजल्यानंतर आलेल्या मालासकट. आणि वर सांगितलं तसा विक्री वजा करून आकडा आजवर आणलात तर ते तीन दिवस पुन्हा धरायचे नाहीत. दोन्ही केलंत की तीन दिवसांची विक्री दोनदा मोजली जाते आणि साठ्यात कायमचे १८ बॉक्स जादा बसतात. कुठलीही एक पद्धत घ्या. मी आकडा आजवर आणणारी घेतो, कारण त्यात दुकानाची खरी अवस्था डोळ्यांपुढे राहते.

राखीव किती, हे ऐकून तुम्हाला थोडं आश्चर्य वाटेल. रोजची विक्री सरासरीच्या साधारण २ बॉक्स इकडेतिकडे होते असं धरू. शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल कमी पडू नये असं हवं असेल तर राखीव येतो १.६५ (पंचाण्णव टक्क्यांसाठी ठरलेला आकडा) गुणिले २ गुणिले दिवसांच्या संख्येचं वर्गमूळ. आकडा ताजा असेल तर ११ दिवस, राखीव ११ बॉक्स. आकडा तीन दिवस शिळा असेल तर १४ दिवस, राखीव सव्वाबारा-साडेबारा. म्हणजे तीन दिवसांच्या उशिराची किंमत सव्वा-दीड बॉक्स तेल! नेहमीच्या, रोज थोडंथोडं जाणाऱ्या मालासाठी उशीर इतका स्वस्त असतो. त्यासाठी महिन्याला हजारो रुपये भाडं असलेलं सॉफ्टवेअर घेण्याआधी हे एकदा कागदावर करून बघा.

पण हे गणित चालतं ते विक्रीची चाल बदलत नाही तोवरच. आपल्या किनारपट्टीवर ती वर्षातून चार-पाच वेळा बदलते. आणि बदलते ती हळूहळू नाही, एका रात्रीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मालवण आणि देवगडला होड्यांवर चढणारा चहा, साखर, बिस्किटं, तेल त्या दिवशी थांबतं. तुमच्याकडे ३ जूनला आलेला आकडा जर २९ मेचा असेल तर तो निव्वळ पाच दिवस जुना नाही, दुसऱ्या हंगामातला आहे. त्यावर मेची सरासरी लावून पुढे ओढलात तर माल संपलाय असं दिसेल, आणि प्रत्यक्षात तो रॅकवर धूळ खात असेल. देवगडला आंब्याचं वेगळं. बागांत नेपाळी कामगार आले की तांदूळ आणि तेलाची विक्री वाढते, आंबा संपला की माणसं जातात आणि विक्री जाते. अशा वेळी गेल्या महिन्याची सरासरी टाकून द्या आणि गेल्या वर्षीचा तोच काळ काढा.

गणपतीचं मात्र गेल्या वर्षीच्या तारखेनेही जमत नाही. २०२३ ला चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे ती पुन्हा १४ सप्टेंबरवर जाते. तुम्ही ऑगस्टची तुलना ऑगस्टशी केलीत तर एका वर्षी दुप्पट मागवाल आणि दुसऱ्या वर्षी अर्धं. माझ्या वहीत गणपतीची पानं तारखेने नाहीतच, चतुर्थीच्या आधी वीस दिवस, पंधरा दिवस, दहा दिवस अशी आहेत. चाकरमानी गावात उतरायला लागले की खोबरेल, उदबत्ती, रवा, साखर, गूळ यांची विक्री कुठल्या दिवशी उसळी घेते, हे त्या पानांवरून दोन-तीन वर्षांत स्पष्ट दिसायला लागतं. आणि तेव्हा दुकानाच्या आकड्याची वाट बघायची नसते. गणपतीचा माल आकड्यावर मागवायचा नाही, पंचांगावर मागवायचा. त्या पंधरा दिवसांत मी आठवड्याच्या ऑर्डरीऐवजी दोन हप्ते करतो: मोठा हप्ता बराच आधी, आणि एक छोटा चतुर्थीच्या आठवडाभर आधी. उशिरा आलेले आकडे या छोट्या हप्त्यात कामाला येतात.

माल यायचे दिवस तुम्ही ‘साधारण चार’ लिहिलेत. हे साधारण फसवतं. तुमच्याच बिल्ट्या काढा, शेवटच्या दहा. ऑर्डर दिल्याची तारीख आणि गोदामात उतरल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. आकडे बहुतेक ३, ३, ४, ३, ८ असे निघतील. सरासरी चारच्या आसपास येईल, पण तुम्हाला मारतो तो आठवाला. पावसाळ्यात गगनबावड्याकडे दरड आली की गाड्या फोंड्याकडे वळतात. २०२४ मध्ये गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता, तेव्हा तर आम्ही तो रस्ता विसरूनच गेलो होतो. मी सरासरी धरत नाही, दहातला दुसरा सर्वांत वाईट धरतो. जून ते सप्टेंबर वेगळा आणि बाकीचं वर्ष वेगळं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: आकड्याला तारीख लावा, वाटेतला माल मोजा, आणि हंगाम बदलताना सरासरीवर विसंबू नका. एवढ्याने तुमचं निम्म्याहून जास्त दुखणं थांबेल असं मला वाटतं, आकडा एक दिवसही लवकर न येता.

आता तो लवकर कसा येईल. आधी तो उशिरा का येतो ते बघा. तीनशे जिनसांची यादी भरायला सांगितली तर कोणीही ती गिऱ्हाईक नसेल तेव्हा भरणार, आणि गिऱ्हाईक नसणं म्हणजे दुकानाचं वाईट. मी विचारायचो, “तेल किती आसा रे?” उत्तर ठरलेलं: “आसा मा काकानू, दोन-चार खोके आसत.” दोन आणि चार यांत माझ्यासाठी अख्खी गाडी असते.

मग मी मोजायला सांगणंच कमी केलं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद असतो ना, तो कापून हाताएवढी कार्डं केली. प्रत्येकावर मालाचं नाव आणि एक आकडा, किती उरले की कळवायचं तो. हे कार्ड तितक्या उरलेल्या खोक्यांतल्या सर्वांत वरच्याला दोऱ्याने बांधायचं. तो खोका फोडायला हात लावला की कार्ड हातात येतंच. त्याचा फोटो काढायचा, मला पाठवायचा आणि कार्ड काउंटरवरच्या खिळ्याला अडकवायचं. गाडी माल घेऊन गेली की ड्रायव्हर खिळ्यावरची कार्डं नव्या मालाला बांधून परत. मोजणं नाही, यादी नाही. नेट नसेल तर ड्रायव्हर कार्डच घेऊन येतो. गणपती बाप्पाचा फोटो असलेलं अर्धं कार्ड, मागे ‘खोबरेल, ५’. मुलांना ते कापून टाकताना अपराधी वाटायचं, म्हणून आता देवाची बाजू आम्ही कापत नाही.

हे सगळ्या मालाला करू नका. तुमच्या विक्रीतला मोठा वाटा वीस-पंचवीस जिनसांचा असणार. त्यांनाच कार्डं. मसाल्याच्या पुड्या, मेणबत्त्या, सुतळी यांना महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे. त्यांत थोडा जादा साठा पडून राहिला तर राहू दे, सुतळी सादळत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. दुकानावरचा माणूस आकडा मुद्दाम कमी सांगतो का, हे तपासा. तुटवडा असतो तेव्हा जो जास्त ओरडतो त्याला माल आधी मिळतो, हे त्याला माहीत असतं. यात तो बेइमान नसतो, तो आपल्या गिऱ्हाइकाची सोय बघत असतो. तुटवड्यात माल ओरडण्यावर न वाटता गेल्या वर्षीच्या त्याच काळातल्या विक्रीच्या प्रमाणात वाटायला लागा. दोन महिन्यांत आकडे आपोआप खरे यायला लागतात. माझ्याकडे तरी तसंच झालं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. कंपनी महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल ढकलत असेल तर तो माल या हिशेबात मिसळू नका, त्याचं वेगळं पान ठेवा, नाहीतर तुमची गरज किती आणि स्कीमचा मोह किती हे कळणार नाही. उधारीचे दिवस किती, अख्खी गाडी भरली तरच भाडं परवडतं का, गोदाम कोरडं आहे का, यावरही राखीव बदलेल. पुण्यात जादा माल म्हणजे अडकलेले पैसे. आपल्याकडे जुलैत जादा माल म्हणजे अडकलेले पैसे आणि बुरशी. मी पावसाळ्यात बिस्किटं, पोहे, पापड यांचा राखीव अर्धा करतो आणि साबणाचा दीडपट.

सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही. टॅली तुमच्याकडे असेलच, त्यातही माल ठरावीक पातळीखाली गेला की दाखवायची सोय आहे. नवीन काही विकायला कोणी आला तर त्याला दोनच गोष्टी करून दाखवायला सांगा. एक, शिलकीपुढे ती कधी मोजली ते दिसतं का. दोन, लावलेली पण न आलेली ऑर्डर धरून ते पुढची ऑर्डर सुचवतं का. दुसऱ्याला तो अडखळला तर चहा पाजून पाठवून द्या.

तुमच्या गोदामात आत्ता जो जादा माल पडलाय त्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथूनच सुरुवात करा. नवीन ऑर्डर आठवडाभर थांबवा आणि आधी तिन्ही दुकानांत आपापसांत माल फिरवा. वेंगुर्ल्याला पडून असलेला साबण देवगडला कमी पडत असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त गाडी भरण्याआधी वेंगुर्ल्याला फोन करून विचारा की तुमच्याकडचा तो आकडा त्यांनी कुठल्या वारी मोजलेला आहे.